परत येण्याची परवानगी

जळगावच्या पोलीस कचेरीतल्या कारकुनाने द्रौपदाबाईंचा नेपाळला जाऊन येण्याच्या परवानगीचा अर्ज परत केला. कागदावर नजर ठेवूनच तो म्हणाला, "भडगावात अशी बाई राहत नाही, असा रिपोर्ट आलाय."

"मग मी कोण?" द्रौपदाबाई म्हणाल्या. "दरवर्षी इथंच येते की परदेशी नोंदणीचं पुस्तक घेऊन. तुम्हीच शिक्का मारता."

"पुस्तक सांगतं तुम्ही आहात. रिपोर्ट सांगतो नाहीत. मी कोणाचं ऐकू?"

द्रौपदाबाईंचा जन्म रंगूनचा. वडील भडगावकडचे, तिकडे भाताच्या गिरणीत कामाला होते आणि तिथेच वारले. आई धाकटीला घेऊन परतली. थोरली भागाबाई तिथल्याच एका गुरख्याच्या घरात दिली होती. ती सासरच्या माणसांबरोबर नेपाळात गेली. रंगूनच्या धक्क्यावर ताटातूट झाली तेव्हा द्रौपदा परकरात होती. पुढे तिचं लग्न पितांबरशी झालं. सून उंबरठा ओलांडून आली, म्हणजे तिचं मागचं सगळं संपलं, असं सासऱ्यांनी धरलं. नागरिकत्वाचा अर्ज कोणी केलाच नाही. भागाबाईच्या नवऱ्याने मात्र तिकडे पहिल्याच वर्षी केला होता.

आता १९८८ साल होतं. भागाबाईची एक बाजू लुळी पडली होती, ती अंथरुणाला खिळली होती. लुंबिनीहून ती तासाभराच्या वाटेवर राहत होती, आणि वैशाखी पौर्णिमेला भडगावातून लुंबिनीला बस निघणार होती. वस्तीतले बहुतेक जण चालले होते. भारतीय म्हणून त्यांना कसलाच कागद लागत नव्हता.

"जायला कोण अडवतंय तुम्हाला?" कारकून म्हणाला. "अडचण परत यायची आहे. परवानगीशिवाय गेलात, तर इकडे पुन्हा घेणार नाहीत. आधी ठाण्यातून दुरुस्ती आणा."

एसटीने भडगावला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. शेजारच्या तानूबाई ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या.

"अक्का, मी शेतात असताना पोलीस आला होता का?"

"उना व्हता ना." तानूबाईंनी सूप खाली ठेवलं. "म्हणे, बर्मानी बाई कोठे राहस? मी सांगं, आठे तशी कोनी नही. बठ्ठा आपलाच लोके शेतस."

"असं का सांगितलंस?"

"मंग काय सांगू? पोलीसले घर दाखाडू? गल्लीनी सून, आन तिले धरी नेवानं?" मग द्रौपदाबाईंचा चेहरा बघून त्या हळूच म्हणाल्या, "काय चुकनं मन्हं?"

गल्लीतल्या आणखी चौघींनीही पोलिसाला तेच सांगितलं होतं. एकीने तर त्याला चहाही पाजला होता.

दुसऱ्या दिवशी द्रौपदाबाई तानूबाईंना घेऊन ठाण्यात गेल्या. चौकशीला आलेला झुलाल जमादार टेबलापाशी पेपर वाचत होता.

"साहेब, ही आठलीच सून शे, पन जन्म बर्माना शे," तानूबाईंनी वाटेत पाठ केलेलं सांगून टाकलं.

"त्या दिवशी तर अशी कोणी नाही म्हणालात."

"तव्हा मले माहीत नव्हतं तुम्ही कसाले पुसतस."

जमादाराने पेपरची घडी केली. "बाई, मी वर लिहून दिलंय की अशी बाई इथं नाही. आता आहे असं लिहिलं, तर आधीचा रिपोर्ट मी खोटा दिला असं होतं. तुम्ही नवा अर्ज करा. नवी चौकशी आली की मी नवा रिपोर्ट देतो."

"बस पौर्णिमेला निघतेय, भाऊ."

"मग वेळेत करायचा होता."

द्रौपदाबाईंनी नवा अर्ज केला. मोठे साहेब दौऱ्यावर गेले होते. चौकशीचा हुकूम निघाला नाही. बस निघायच्या आदल्या संध्याकाळी पितांबर म्हणाला, "न विचारता जा. कोण बघतंय?"

"आणि परत येताना? भाकरी कोण थापेल, तू?"



बस निघाली. भागाबाईसाठी केलेल्या कुरडयांचा डबा द्रौपदाबाईंनी तानूबाईंच्या मांडीवर ठेवला. तानूबाईंनी तो भागाबाईच्या घरी पोचेपर्यंत खाली ठेवला नाही, असं बसमधले सांगतात. भागाबाईकडे मात्र त्या अर्धा तासच थांबू शकल्या. बसवाल्याला घाई होती.

"कशी आहे दिसायला?" परतल्यावर द्रौपदाबाईंनी विचारलं.

"तुन्हासारखी. बोलनं समजनं नही काई. रडनी." तानूबाईंनी डबा पुढे केला. "तू का नही उनी, आशे हाते करी पुसे सारखी. मी सांगं, मन्हामुळे."

द्रौपदाबाई रिकामा डबा घासायला घेऊन गेल्या.

परवानगीची चौकशी पावसाळ्यात आली. झुलाल जमादार गल्लीच्या तोंडाशी सायकल लावतच होता, तोवर तानूबाई ओट्यावरून उठल्या होत्या. आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी हाक मारली, "द्रौपदा, ये वं, बर्मावाली! तुले पुसतस!"

द्रौपदाबाई बाहेर आल्या. पुढची बस कधी निघणार, हे अजून कोणी ठरवलं नव्हतं.