पत्र्यावरचा पक्का दात

"दात कुठंय?" मी मुलीच्या वडिलांना विचारलं.

बारा वर्षांची वैष्णवी तोंडाला ओढणी धरून खुर्चीत बसली होती. खो-खो खेळताना ती खांबावर आदळली आणि वरचा समोरचा दात मुळासकट बाहेर आला. माझा दातांचा दवाखाना लातूरजवळच्या मुरुडला, त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडं.

"घरी हाय. वहिनीकडं दिलता."

त्यांच्याच फोनवरून वहिनींना, म्हणजे वैष्णवीच्या काकूंना गाठलं. "काकू, दात घेऊन या लवकर."

"तो म्या पत्र्यावर फेकला की, मॅडम. पडलेला दात पत्र्यावरच फेकत्यात. न्हाईतर दुसरा वाकडा येतो."

मी कपाळावर हात मारला. "तो रिवाज दुधाच्या दाताचा, काकू. हा पक्का होता, दुसरा येणारच न्हाई. शिडी लावा. पांढऱ्या बाजूनं धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका. वाटीभर गार दुधात टाका अन् पळत या."

मुळावर एक पातळ जिवंत पापुद्रा असतो. तो वाळला की दात हाडाशी नीट जुळत नाही. हातात जेमतेम तास असतो, आणि दात तर उन्हात तापत होता. मला भयंकर राग आला. काकूंचा नाही, आमचा. शाळाशाळांत जाऊन आम्ही ब्रश कसा धरायचा ते शिकवतो, पक्का दात पडला तर काय करायचं हे एकदाही सांगत नाही.

तोवर मला शिकवलेल्या लातूरच्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "वाळलेला दात कशाला बसवतेस? जखम शिवून पाठवून दे. पुढं इम्प्लांट करू."

"जबड्याची वाढ थांबल्याशिवाय इम्प्लांट बसवता येत नाही, सर. तोवर तिथलं हाड झिजेल."

"बघ बाई, जबाबदारी तुझी."

"हाव, माझीच."

काकू आल्या. पदर खोचलेला, कोपर सोललेलं, हातात दुधाची वाटी. दात सलाइननं धुतला, भूल देऊन हळूच जागेवर दाबला आणि बारीक तारेनं शेजारच्या दातांना चिकटवला. याला स्प्लिंट म्हणतात. ती तार मी कायम भरून ठेवते. रोज लागत नाही, म्हणून बरेच जण ठेवतच नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पुढच्या आठवड्यात रूट कॅनल सुरू केलं.

वर्ष झालं. दात जागेवर आहे. जन्मभर टिकेल असं मी लिहून देणार नाही, पण वैष्णवी तोंड न झाकता हसते आणि मला लई बरं वाटतं. आता शाळेत गेले की ब्रशच्या आधी दुधाच्या वाटीचं सांगते.

परवा काकू धापा टाकत दवाखान्यात शिरल्या. हातात तीच वाटी, दुधात एक इवलासा दात. शेजारच्या पहिलीतल्या पोराचा.

"म्या घासला न्हाई, मॅडम. मुळाला हात सुदिक लावला न्हाई."

मी वाटीत बघितलं. "काकू, हा दुधाचा आहे. हा फेका पत्र्यावर."