कपाटाच्या तळाचं पाणी

कल्पना करा, तुमच्या हातात झाकणाची काचेची बशी आहे. कुणाच्या तरी घशातले जंतू तिच्यात चार दिवस पोसलेत. वाफेच्या भांड्यात शिजून ते मेलेत खरे, पण ज्या जेलीवर ते वाढले ती वितळून शेंबडासारखी लोंबतेय. झाकण काढा. नासकी अंडी आणि कुजका कोबी एकत्र उकळल्यासारखा वास येईल. आता ते डब्यात ओता, कडेला चिकटलेलं खरवडा. अजून दोनशे बशा बाकी आहेत.

प्रयोगशाळेतल्या मावशी हे काम बावीस वर्षं करताहेत. पहिल्या बशीला त्यांना अजूनही उमासा येतो. "किळस मेली की हात ढिले पडले समजायचं," असं त्यांचं म्हणणं. घरी नवऱ्याचा एकच हुकूम: "आधी आंघोळ, मग गप्पा."

गेल्या महिन्यात बशांवर हिरवी बुरशी उगवायला लागली. नमुना न लावलेल्या बशाही सुटल्या नाहीत. रुग्णांचे रिपोर्ट अडकले. प्रमुख मॅडमनी मावशींना बोलावलं.

"मावशी, धुण्यात काहीतरी राहतंय. असंच चाललं तर हे काम बाहेर द्यावं लागेल."

"म्हणजे मीही बाहेरच ना?"

मॅडमनी मान हलवली.

"मग एवढं करा," मावशी म्हणाल्या. "मी धुतलेल्या दोन बशांत एकाच भांड्यातली जेली ओता. एक तुमच्या त्या उबदार कपाटात ठेवा, एक बाहेर टेबलावर."

चार दिवसांनी टेबलावरची बशी स्वच्छ निघाली. कपाटातली हिरवीगार. जंतू वाढवायच्या त्या कपाटाला हात लावायची मावशींना मुभा नव्हती. त्या दिवशी मात्र त्या सरळ गुडघ्यांवर बसल्या आणि हवा ओलसर राहावी म्हणून तळाशी ठेवलेला पाण्याचा ट्रे त्यांनी ओढून काढला.

पाण्यावर जाड, बुळबुळीत साय धरली होती. तिच्यावर काळपट हिरवी लव. ट्रे कलला तशी ती साय सबंध कातडीसारखी सरकली. मॅडमनी नाकाला रुमाल लावला.

"हे पाणी कोण बदलतं?"

टेक्निशियननी नोंदींची वही पुढे केली. पाणी कमी दिसलं की जो तो वरून भरत होता. वहीत 'पाणी भरलं' यापुढे रोज सही होती. 'बदललं' असा रकानाच नव्हता.

"कपाट येऊन तीन वर्षं झाली," मावशी म्हणाल्या. "घरच्या झाडांना तरी इतक्या मायेनं पाणी घालता का रे?"

काम मावशींकडेच राहिलं, वर तो ट्रेही त्यांच्या गळ्यात पडला. तो घासताना, तोंड वाकडं करून, त्यांनी मॅडमना विचारलं, "नुसत्या पाण्यावर हे एवढं माजलं कसं? खात काय होतं?"

"धूळ. आणि आपल्या अंगावरून झडलेली कातडी."

मावशींचा हात थांबला. त्यांनी खोलीतल्या एकेकाच्या कोपरांवरून नजर फिरवली.

"शी! पण मॅडम, सगळ्यात जास्त कुणाची?"