वरवंट्याचं माहेरपण

तुळजाअक्काला गप्प बसता येत नाही, हे चेन्नईतल्या सगळ्या तिरुवल्लिकेणीला माहिताय. शाळेत पोरांना गणित शिकवून ती रिटायर झाली, तेव्हा तिच्या नवऱ्याला, राघोत्तमरावांना, वाटलं, आता बाई घरात टेकेल, आपल्याला गरम इडल्या वाढेल. बाईनं दाताळं विकत आणलं आणि मागच्या कालव्यावर गेली.

कालवा कसला, गटारच म्हणा. काळं पाणी, त्यात थर्माकोल, चपला, उशा. एकदा आख्खा सोफा निघाला. अक्का त्याच्यावर बसूनच सगळ्यांना कॉफी वाटत होती.

दर रविवारी सकाळी तिथं जी पोरं जमतात त्यातली निम्मी पुण्या-नाशकाची, आठवडाभर कंपनीत कॉम्प्युटर बडवणारी. अक्का तंजावरची मराठी. तिचं बोलणं ऐकून सावनी, ही पुण्याची, पहिल्या दिवशी खुदकन हसली होती.

"हासून घे गं," अक्का म्हणाली. "तुमचं मराठी पुण्यात उन्हाला पडलं. आमचं तंजावरात बरणीत मुरलं."

त्या दिवसापासून सावनी तिची. अक्कानं उडी मार म्हटलं तर ती पोरगी कालव्यात उडी मारेल, आणि त्या पाण्यात उडी मारणं म्हणजे काय ते बघणाऱ्यालाच कळतं.

तर या लोकांनी काठाचा एक तुकडा साफ केला आणि उतारावर वाळा लावला. वाळ्यानं माती धरली, पाणी जरा बरं दिसायला लागलं. एक खंड्या येऊन बसायला लागला, तर अक्का त्याच्याकडे जावई आल्यासारखी बघायची. पण गल्लीतले लोक सकाळी उठून कचऱ्याच्या पिशव्या तिथंच भिरकावायचे. पाटी लावली, पाटीवर कचरा. अक्का भांडली, आणि अक्का भांडते म्हणजे समोरच्याला दोन दिवस ऐकू येत नाही. तरी कचरा.

मग तिनं तिथं तांदळाच्या पिठाचं कोलम घातलं. रांगोळीवर चुकून पाय पडला तरी इथला माणूस गालावर चापट्या मारून घेतो, पिशवी कुठनं टाकणार? लोकांनी कोलम सोडून शेजारी टाकली. अक्कानं कोलम वाढवलं. लोक आणखी सरकले. तिनं आणखी वाढवलं.

"डोशाला थोडे तांदूळ ठेव घरात," राघोत्तमराव म्हणाले.

शेवटी वैतागून अक्कानं स्वयंपाकघरातला वरवंटा उचलला, काठावर उभा रोवला, हळद फासली, कुंकू लावलं. देव बघतोय म्हटल्यावर टाका आता.

कुणी टाकली नाही. अक्का खूष. राघोत्तमराव मात्र मिक्सरची चटणी पुढ्यात घेऊन बसले. "पाटा इथं, वरवंटा तिथं," म्हणाले. "बिचाऱ्यांचा संसार मोडलास."

घोळ त्याच्यापुढं झाला. आधी एक लिंबू आलं. मग मोगऱ्याचा गजरा. मग कापूर, नारळ, कुणाचं पोर पास झालं म्हणून गोड पोंगल. बघता बघता वरवंट्याला लाल घागरा चढला आणि कालव्याची अम्मन, म्हणजे देवी, असं नावही पडलं. शिळी फुलं पिशवीत बांधून वाळ्यात पडायला लागली. म्हणजे कचरा परत आलाच, फक्त आता तो पवित्र होता आणि त्याला हात लावायला पोरं बिचकत होती.

एक दिवस कोपऱ्यावरचा चहावाला मुरली अक्काला शोधत आला. माणूस भला. दर रविवारी सगळ्यांना फुकट चहा पाजणारा.

"अम्मा, देवीला शेड घालतोय. खाली सिमेंटचा ओटा, वर पत्रा. आडी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी खणायला घेतो."

"ओटा कुठवर?"

"पाण्यापर्यंत. बायकांना उभं राहायला जागा नको?"

सगळा वाळा त्या ओट्याखाली जाणार. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर तिनं त्याला उभा फाडला असता. पण हे तिनंच केलं होतं.

"अक्का, खरं सांगून टाका ना," सावनी म्हणाली. "वरवंटा आहे म्हणा."

"सांगते. लोक मज ढकलतील कालव्यात. मग या तुम्ही दाताळी घेऊन मज काढायला."

तरी तिनं सांगितलं. मुरलीनं सगळं ऐकलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं हात जोडले.

"म्हणजे ती तुमच्या घरातनं आली."

"आली नाही रे. मी आणली."

"आणायची बुद्धी तुम्हाला कुणी दिली, अम्मा?"

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, देवी टीचरअम्माच्या स्वयंपाकघरातली आहे. दोन बायका पाट्याला नमस्कार करायला घरी आल्या. राघोत्तमराव बनियनवर होते, ते शर्ट शोधत आत पळाले.

आडी महिना, म्हणजे इथला आषाढ, लागला. खालच्या मजल्यावरची नवी लग्न झालेली पोर माहेरी आली. इथली रीतच ती, आडीत नवी नवरी आईकडे. अक्का चटणी वाटता वाटता खिडकीतनं बघत होती. तिनं मिक्सर बंद केला.

"अहो," ती म्हणाली, "चांदीचं ताट काढा."

शुक्रवारी काठावर विटा आल्या, वाळू आली, ढोल आला. मुरली पहार घेऊन उभा. तेवढ्यात अक्का आली. अंगावर कांचीपुरम, हातात ताट, ताटात बांगड्या, हळदकुंकू, केळी, खण. मागे छत्री धरून राघोत्तमराव. त्यांच्या मागे पोरं, कालव्यावर पहिल्यांदाच आंघोळ करून आलेली.

"थांब, मुरली. लेकीला न्यायला आले मी."

"कुठली लेक?"

"माझ्या घरातली म्हणून गल्लीभर तूच सांगितलंस ना? मग माहेर कुठलं तिचं? आडी लागली."

तिनं ताट मुरलीपुढं धरलं. हा नाही म्हणाला की संपलं. सावनीनं मागनं हळूच तिचं कोपर धरलं.

मुरलीनं लोकांकडे बघितलं. म्हाताऱ्या आधीच माना हलवत होत्या.

"आडीत लेकीला अडवतोस होय?" फुलवाली म्हणाली. "सासू लागून गेलास का तू तिची?"

लोक हसले. मुरलीनं पहार खाली टेकली. "पण पाठवणार कधी, अम्मा?"

"माहेरी गेलेली लेक कधी येणार, हे सासरच्यांनी विचारू नये. आणि ती नसताना तिची जागा खणू नये."

तिनं वरवंटा उचलून कडेवर घेतला. जड होता, कंबर कुरकुरली, पण ढोलाच्या तालावर ती घरापर्यंत चालत गेली.

आता वरवंटा देव्हाऱ्यात आहे. राघोत्तमरावांनी एकदा विचारून बघितलं, "चटणीचं काही जमेल का?"

"लेकीला माहेरी कामाला लावता?"

राघोत्तमराव मिक्सरचीच चटणी खातात. शुक्रवारी मात्र अक्का वरवंट्यावर एक फूल ठेवते. उगाच, म्हणते. ते सुकलं की कुंडीत टाकते.

काठावर कुणी पिशवी टाकायला आलं तर दुकानातनं मुरलीच ओरडतो, "आमची पोर परत येणारय, तिची जागा घाण करू नका." त्या विटांचा त्यानं गिऱ्हाइकांना बसायला कट्टा केला. आणि अक्का दिसली की विचारतो, "अम्मा, पोर कशी आहे?"

"अजून दमलेलीच आहे रे," अक्का म्हणते आणि दाताळं घेऊन वाळ्यात उतरते.