बबन कंडक्टरचे डबे

आईवडिलांनंतर माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते बबन कंडक्टरचे. मी पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे. बोरी अरबहून यवतमाळला येणाऱ्या त्यांच्या एसटी गाडीत इंजिनाजवळ पंधरा-वीस डबे असत. शहरात खोली करून शिकणाऱ्या आम्हा पोरांसाठी आयांनी दिलेले. स्टँडवर आम्ही कालचे डबे परत द्यायचो. बबनकाका प्रत्येक डबा कानाशी नेऊन हलवत. आत काही वाजलं, की सगळ्यांसमोर उद्धार. "तुही माय चार वाजता उठते, अन् तू भाकर परत धाडतं? लाटसाहेब झाला का बे?"

पहिल्याच वर्षी मी दोन विषयांत नापास झालो. कॉलेज सोडायचं ठरवलं आणि डबा घ्यायला जाणं बंद केलं. चौथ्या दिवशी काका खोलीच्या दारात.

"काहून रे, मेला का? तीन दिवस तुहा डबा मीच खाल्ला. तिखट लय टाकते तुही माय."

"काका, मले नाही जमत."

"नको जमू दे. पन तिनं आजबी डबा देल्ला. तिले काय सांगू, ते कागदावर लिहून दे."

मला ते लिहिता आलं नाही. मी राहिलो.

दोन वर्षांपूर्वी मुंबईचा एक पटकथालेखक आमच्या भागात आला. मी त्याला गाडीवर हिंडवलं आणि काकांबद्दल अभिमानानं सांगितलं. त्यानं सगळं वहीत टिपलं. मला बरं वाटलं.

मग सिनेमा आला. गुन्हेगारीचा, चार गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या. लाच खाणारा फौजदार, बायकोला मारणारा व्यापारी, पळून जाणारी नर्स आणि या तिघांना जोडणारा एसटीचा कंडक्टर. तो पोरांच्या डब्यांतून गांजा पोचवतो. डबा कानाशी नेऊन हलवतो! फौजदाराला शेवटी पश्चात्ताप दिलाय, व्यापाऱ्याला आजारी आई दिलीय. कंडक्टरला काय दिलं? एक सोन्याचा दात आणि आमची बोली, तीही लोकांनी हसावं म्हणून. आणि परीक्षणांत हेच पात्र म्हणे 'अस्सल'! कसलं अस्सल? ज्या माणसानं परक्याच्या पोरांना जेवू घातलं, त्याच्या हातात तुम्ही गांजा दिलात.

स्टँडवर टोळकी ओरडू लागली, "काका, आज कोनता माल?" काकांनी आधी हसण्यावारी नेलं. "वांग्याची भाजी हाये, ये खायाले." पण एके दिवशी एका आईनं डबा पुढे करत विचारलं, "उघडून दाखवू का, भाऊ?" तिच्या मनात काही नव्हतं. तरी काकांनी तो डबा घेतला नाही. त्यानंतर कोणाचाच नाही. निवृत्तीला वर्ष उरलंय.

गेल्या महिन्यात ते मला म्हणाले, "त्या सिनेमावाल्याले माह्याबद्दल सांगतलं कोनं असंन रे?" मी चहाचे पैसे द्यायला उठलो.

परवा हे पत्र टाकलं:

"काका, साष्टांग नमस्कार. त्या माणसाला तुमच्याबद्दल सांगणारा मीच. चांगलंच सांगितलं होतं. पण कोणाला सांगतोय, हे पाहिलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा तोंड उघडायची हिंमत झाली नाही. सिनेमावाल्यांना तीन पत्रं लिहिली, उत्तर नाही. रविवारी येतो. मला घरी नेऊन समजूत काढू नका. ती टोळकी स्टँडवर असतील तेव्हा खरं काय ते मी मोठ्यानं सांगणार आहे. तुमचा हात माझ्यावर उठला, तर तिथेच उठू द्या.

तुमचा, विलास."