एक जर्मन जनरल आणि शत्रुपक्षाचा कॉर्पोरल

दोन हजारच्या दशकात मी सिंगापूरच्या लष्करात रिझर्व्हिस्ट लेफ्टनंट होतो. एरवी तांजोंग पगारच्या एका बँकेत अकाउंट्स तपासायचे आणि वर्षातून दोन-तीन आठवडे युनिफॉर्म चढवून प्लाटून सांभाळायची. सक्तीची सेवा विशीतच उरकलेली असते, पण सरकार दरवर्षी आठवण काढतंच. माझ्या प्लाटूनमध्ये टॅक्सीवाले होते, शिक्षक होते, एक दातांचा डॉक्टरही होता. पोटं सगळ्यांचीच सुटलेली. सार्जंट हाफिझ बुकित बातोकला एका कारखान्यात फोरमन होता आणि खरं तर प्लाटून तोच चालवायचा.

त्या वर्षी मेजरनी मला बोलावलं. "एका जर्मन जनरलवर लेक्चर दे. दुसरं महायुद्ध. जेवणानंतर."

जेवणानंतर म्हणजे माणसं घोरणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी मात्र त्या जनरलची कारकीर्द मन लावून वाचली. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात लेफ्टनंट होता, दोनदा जखमी झाला. दुसऱ्यात आधी फ्रान्समध्ये रेजिमेंट, मग रशियात डिव्हिजन. हिवाळ्यात वेढा आवळायला लागला. वरून हुकूम आला, एक पाऊलही मागे घ्यायचं नाही. याने आख्खी डिव्हिजन मागे काढली. माणसं वाचली. याची कमांड गेली, कोर्ट मार्शल झालं, तुरुंगवास झाला. इथपर्यंत प्लाटून टक्क जागी होती. हुकूम मोडणारा साहेब कोणाला आवडत नाही?

पण अर्ध्याच माणसाला हार घालायचा नसतो. म्हणून पुढचंही सांगितलं. हिवाळ्याच्या आधी याच्याच हद्दीतल्या गावांमधून ज्यू बायकामुलांना खड्ड्यांपाशी नेऊन गोळ्या घातल्या होत्या. त्याला ते माहीत होतं. ट्रक त्याच्याच डिव्हिजनने दिले होते. तेव्हा त्याने हुकूम मोडला नाही. ती माणसं त्याची नव्हती.

हाफिझ उठला आणि उगाचच पंखा वाढवून आला. मेजर म्हणाले, "गुड. उद्या टेकडी."

टेकडीचा हल्ला म्हणजे युद्धसराव. बंदुकीत ब्लँक राउंड, समोर शत्रू म्हणून आमचीच दुसरी कंपनी. पंचाने बोट दाखवलं की तो सैनिक मेला. मेलेल्याने जागेवर पडून राहायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही. ऊन मी म्हणत होतं. वर चढताना वाटेत उंच गवतात शत्रूचा एक कॉर्पोरल पालथा पडलेला दिसला. पुढचे दोघं त्याला ओलांडून गेले. एक सिंगापुरी हेल काढत म्हणाला, "काय अ‍ॅक्टिंग करतोय, लाह!"

त्याच्या मानेवर लाल मुंग्या चढल्या होत्या. तो हलला नाही. मी थांबलो.

हाफिझ म्हणाला, "सर, डेड एनिमी. त्यांची माणसं बघतील. लेट झालो तर अटॅक फेल."

मी गुडघ्यावर बसून त्याच्या कपाळाला हात लावला. तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं. घामाचा थेंब नाही. हा सरळसरळ उष्माघात होता.

रेडिओ खरखरला. कंट्रोल आमच्या प्लाटूनला हाक मारत होता. "वन-टू, पुढे सरका. ओव्हर."

"निगेटिव्ह. थांबलोय. कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कोणाची? ओव्हर."

"शत्रूची. ओव्हर."

पलीकडे कोणीतरी हसलं. "डेड एनिमीला सोड. पुढे सरक. हा हुकूम आहे. ओव्हर."

सरावात दोन शब्द फक्त खऱ्या जखमींसाठी राखून ठेवलेले असतात. ते मी तीनदा म्हणालो. "नो डफ. नो डफ. नो डफ. आम्ही इथून हलणार नाही. ओव्हर."

मग सगळ्या टेकडीवर सराव थांबल्याच्या शिट्ट्या वाजल्या.

तोवर हाफिझने त्या कॉर्पोरलचे पट्टे कापले होते. प्रत्येकाने आपली पाण्याची बाटली त्याच्यावर रिकामी केली. दातांच्या डॉक्टरने त्याची मान धरून श्वास मोकळा ठेवला. चौघांनी स्ट्रेचर उचललं आणि धावत खाली नेलं. हा कोणाचा माणूस, हे कोणी विचारलं नाही. गाडीत ठेवताना त्याने डोळे उघडले. मी नाव विचारलं. तो पुटपुटला, "सर, मी डेड आहे." बिचारा अजून नियम पाळत होता.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्येच त्याने प्राण सोडला. कॉर्पोरल लिम. एअरकंडिशनर दुरुस्त करायचा, आईवडिलांबरोबर यिशुनला राहायचा.

आम्ही सगळी प्लाटून यिशुनला गेलो. त्यांच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत शवपेटी ठेवली होती. पाहुण्यांच्या टेबलांवर शेंगदाणे आणि तयार चहाची पॅकेट्स. युनिफॉर्म बघून लिमचे वडील उठून आले.

"तुम्ही त्याचे ऑफिसर?"

"नाही, अंकल. आम्ही समोरच्या बाजूचे. सरावात त्याचे शत्रू होतो."

त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "मग त्याच्यापाशी थांबलं कोण?"

हाफिझ म्हणाला, "आम्हीच, अंकल."

म्हाताऱ्याने धाकट्या मुलाला हाक मारली.

"यांना पाहुण्यांत बसवू नको. घरच्यांच्या टेबलाशी बसव."