सुतकातली मूठ

अंबरनाथच्या कारखान्याचा सकाळचा भोंगा व्हायच्या आत विष्णुपंत मेहेंदळ्यांना दोन कामं उरकावी लागत. एक स्नानसंध्या आणि दुसरं कुंदाची वेणी. बायको गेली तेव्हा कुंदा चार वर्षांची होती. घर सांभाळायला त्यांची थोरली विधवा बहीण माई आली, पण माईंचं सोवळं असं कडक की सकाळच्या वेळी पोरीच्या केसांना हात लावणं त्यांना चालायचं नाही. मग ते काम बापाकडे आलं. कारखान्याच्या भांडारात खिळ्याखिळ्याची व्यवस्था लावणारा हा माणूस, पण त्याने घातलेली वेणी रोज डावीकडे जायची. शाळेत मुली हसायच्या. कुंदाने ते घरी कधी सांगितलं नाही आणि वेणी सोडून परतही घातली नाही.

फाळणी झाली आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंध सोडून आलेली माणसं येऊन पडली. बराकीत गोणपाटाचे पडदे टांगून त्यांनी संसार मांडले. पुढे त्या वस्तीला उल्हासनगर असं नाव मिळालं, तरी भोवतालच्या लोकांच्या तोंडी कॅम्पच राहिला. विष्णुपंत एका रविवारी नुसते पाहायला म्हणून गेले आणि परत आले ते जेवलेच नाहीत. एक नंबर कॅम्पात त्यांना काही म्हाताऱ्या बायका दिसल्या होत्या. मागेपुढे कोणी उरलेलं नाही, हात पसरायची सवय नाही, म्हणून नुसत्या बसून होत्या. धडधाकट माणसं काय, पापड विकतील, कापड विकतील, उभी राहतील. या बायकांचं काय, असं ते माईंना विचारत राहिले. माईंनी त्यांचं वाढलेलं ताट पुन्हा झाकून ठेवलं.

त्यातून मुष्टिमंडळ निघालं. घरोघरी भाताचे तांदूळ धुण्याआधी एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची आणि दर पौर्णिमेला मंडळाने मडकी रिती करून न्यायची, एवढाच व्याप. ही चाल जुनीच होती. विष्णुपंतांनी तिला पदरचा एक नियम जोडला: मूठ घरातल्या सगळ्यांत लहान माणसाने टाकायची. रेशनचे दिवस होते, पोटाला पुरतं तेवढंही मिळायची मारामार. लहान मूठ कोणाला जड जात नाही आणि पोराला द्यायची सवय लागते, असा त्यांचा हिशेब. लोकांनी आधी टिंगल केली आणि मग मडकी मांडली. अंबरनाथपासून बदलापूरच्या शिरगावापर्यंत घरं जोडली गेली. पालेगावचा नाथा बैलगाडी जुंपून पोती कॅम्पात न्यायचा. तिथे जेठीबाई नावाची उंच, करड्या आवाजाची सिंधी विधवा त्या म्हाताऱ्यांसाठी चूल चालवायची.

मेहेंदळ्यांच्या घरी मूठ अर्थात कुंदाची. पहिल्या दिवशी तिने विचारलं, केवढी घेऊ? विष्णुपंत म्हणाले, तुझा हात आहे, तू ठरव. एकदा महिनाअखेरीला डबा तळाला गेला होता, तेव्हा तिने चार दाणे चिमटीत धरून टाकले. त्यांनी ते पाहिलं. रात्री स्वतःच्या पानातला भात त्यांनी कमी वाढून घेतला, आणि कुंदाने दुसऱ्या दिवसापासून मूठ भरली.

तरी पोरीचं मन म्हणजे मनच. सहा दिवस बाप कारखान्याचा आणि सातव्या दिवशी कॅम्पाचा. एकदा ती हट्टाने त्यांच्याबरोबर गेली, तर बराकीतली प्रत्येक म्हातारी त्यांना दादा म्हणत होती आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होती. परतताना नाथाच्या गाडीत तिने विचारलं, "तुम्ही माझे की त्यांचे?" विष्णुपंत हसले. बैलाच्या पाठीवरची माशी हाकलत राहिले.

त्याचं अर्धं उत्तर तिला पुढच्या वर्षी मिळालं. विषमज्वराने ती अंथरुणाला खिळली, तेव्हा त्यांनी रजा टाकली आणि ताप उतरेपर्यंत कॅम्पात पाऊल टाकलं नाही. मंडळातले हिंदुराव पाटील दोनदा बोलवायला येऊन गेले. विष्णुपंतांनी ओसरीवरूनच त्यांची बोळवण केली. ताप गेला आणि बरोबर कुंदाचे केसही गेले. पण रोज भोंग्याच्या आधी ते फणी घेऊन तिच्या उशाशी येऊन बसत. केस नव्हते, तरी येत. बोडक्या डोक्यावरून हात फिरवत आणि मग कामाला जात.

एवढ्या व्यवस्थेच्या माणसाने एक चूक केली. मंडळाचं धान्य आधी देवळाच्या पडवीत राहायचं. तिथे उंदरांनी उच्छाद मांडला, म्हणून त्यांनी सगळी पोती आपल्या घरात आणून ठेवली. आपल्या घरालाही कधी सुतक येईल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

त्रेपन्न सालच्या पौषात, पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. मडकी नुकतीच रिती झाली होती आणि माजघरात पोत्यांची थप्पी लागली होती. दुपारी भांडारात विष्णुपंतांच्या छातीत कळ आली, आणि घरी आणलं ते त्यांना नव्हे, त्यांच्या देहाला. पुण्याहून पुतण्या मधू आला, त्याने अग्नी दिला. कुंदा रडली नाही. शेजारच्यांनी पिठलंभात आणून दिला, तो तिने खाल्लाही नाही.

तिसऱ्या दिवशी हिंदुराव अंगणात येऊन उभे राहिले. कॅम्पातलं धान्य संपलं होतं. पोती तर समोर दिसत होती, पण सुतकाच्या घरातून दान निघत नाही आणि कोणी घेतही नाही. दहावा होईपर्यंत थांबावं लागणार. पुन्हा घरोघर फिरावं तर मडकी रिकामी. कुंदा माईंकडे वळली आणि म्हणाली, "त्यांच्याच कामाला त्यांचंच मरण आडवं येतंय. पोती देऊया." माईंनी नकारार्थी मान हलवली. त्या काही दगडाच्या नव्हत्या, भावासाठी रडून त्यांचे डोळे सुजले होते. पण सुतकातलं अन्न खाणाऱ्याला बाधतं आणि गेलेल्याची वाट अडवतं, हे त्या जन्मभर मानत आल्या होत्या. भावाची वाट आपल्या हाताने कशी अडवायची? कुंदाला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. तितके दिवस ती चूल थंड राहिली, तर ती पुन्हा पेटेलच याची खात्री नव्हती. मग बापाचं मागे काय उरणार होतं?

चौथ्या दिवशी सकाळी नाथाची गाडी दारात थांबली. गाडीत जेठीबाई होती आणि कॅम्पातल्या म्हाताऱ्या. सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या ओढण्या होत्या. माई लगबगीने उंबऱ्याशी आल्या आणि घरात सुतक आहे, पुढे येऊ नका, असं त्यांनी बजावलं.

जेठीबाई थेट ओसरीवर चढली आणि जमिनीवर बसली. तिच्या मागोमाग बाकीच्या बसल्या.

"माई, सुतक हमको भी है," ती म्हणाली. "दादा गेले तेव्हापासून आमची चूल पेटली नाय. दुखवट्याची चटई डालके बसलोय. बाजूच्या बराकीवाले रोटी देतात."

"सुतकवाल्याला सुतकाच्या घरचं चालतं ना?" जेठीबाईने विचारलं. "तुमच्यात पण असंच असेल. हम लेने नहीं आये, माई. बाप के घर आये हैं."

नियम तसाच होता, तो माईंनाही ठाऊक होता. एकाच सुतकातल्या माणसांना एकमेकांचं अन्न बाधत नाही. पण सुतक आपणहून अंगावर घेणारं माणूस त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. चुलतभाऊसुद्धा बातमी उशिरा पोचली तर बरं, तेवढे दिवस वाचतील, म्हणतात. या बायकांनी मात्र कोणी न सांगता ते धरलं होतं. माई खाली बसल्या आणि त्यांनी जेठीबाईच्या खांद्याला हात लावला. एरवी विटाळाला घाबरणारा तो हात बराच वेळ तिथेच राहिला.

मग त्या उठल्या. नाथाला आणि मधूला त्यांनी पोती गाडीत चढवायला सांगितलं. ओसरीवरच्या म्हाताऱ्या कुंदाच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. केस आता खांद्यापर्यंत आले होते आणि चार दिवस फणी लागली नव्हती. एकीने हळूच गुंता सोडवायला घेतला. हा हात आपल्या बापाच्या डोक्यावरून फिरला होता, हे कुंदाला आठवलं, आणि तिचा बांध फुटला.

माई आतून तांदळाचा डबा घेऊन आल्या. चार दिवस घरातलं मडकं तसंच पडून होतं. त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि डबा कुंदापुढे धरला.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "घर एवढं मोठं झालं, तरी सगळ्यांत लहान अजून तूच आहेस. मूठ टाक."

कुंदाने डोळे पुसले, मूठ भरली, आणि गाडीतल्या उघड्या पोत्यात टाकली.