काचेखाली ठेवलेला चाकू

चाकू मी नेला. सुरक्षा अधिकाऱ्याचा मला आजही संताप येतो, प्रदर्शनवाल्यांचाही येतो, पण चाकू मी नेला हे आधी लिहायला हवं.

बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी डिझाइन विभागात आहे. साच्यातून निघालेल्या भागाच्या कडेला प्लास्टिकची पातळ झालर राहते, ती हातानं कापावी लागते. हे काम बायका करतात, आठ तास उभ्यानं. त्यांतली एक निपाणीकडची. मीही तिकडचाच, म्हणून आमचं मराठीतून बोलणं व्हायचं. कंपनीचा चाकू तिच्या अंगठ्यात रुतायचा, तेव्हा तिनं स्वतःचा केला होता. तुटक्या करवतीचं पातं घासून धार लावलेली, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, आणि अंगठा टेकतो तिथे बरोबर त्याच्याएवढा खोलगा.

घरी गेली कित्येक वर्षं मी एक अभ्यास लिहितो आहे. क्रांतीनंतरच्या रशियात काही चित्रकारांनी कॅनव्हास बाजूला ठेवून कारखान्यात जायचं ठरवलं. कला श्रमापासून तुटली ती वर्गसमाजामुळे, ती पुन्हा उत्पादनात मिसळली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात कापडगिरण्यांनी त्यांच्याकडून कापडावरची नक्षी घेतली. यंत्रं कशी चालावीत हे ठरवण्यात त्यांना फारशी जागा दिली नाही. याबद्दल मी पानंच्या पानं तावातावानं लिहिली आहेत. तिचा चाकू पाहिला तेव्हा वाटलं, त्या लोकांना जे हवं होतं ते इथे, माझ्यासमोर, एका बाईनं करून ठेवलंय.

इंदिरानगरच्या एका कलादालनात ‘श्रम आणि वस्तू’ असं काहीतरी प्रदर्शन भरणार होतं. मी चाकू सुचवला. त्यांना तो फारच आवडला.

‘अण्णा, किती दिवस?’ तिनं विचारलं.

‘दहा दिवस. तोवर कंपनीचा वापरा.’

‘तुमास्नी कापायचं न्हाई, म्हणून सोपं वाटतंय,’ ती म्हणाली. पण दिला.

दालनात तो काचेखाली, पांढऱ्या कापडावर ठेवला होता. शेजारी माझा लेख, आणि खाली पाटी : ‘अज्ञात कामगार’. मला तिचं नाव ठाऊक होतं. प्रदर्शनवाले म्हणाले, नावाशिवाय ते जास्त व्यापक वाटतं. मी मान डोलावली. लोक कॉफीचे कप घेऊन वाकून बघत होते. एकानं विचारलं, हा विकत मिळेल का? त्यांनी मुदत आणखी दोन आठवडे वाढवली तेव्हाही, तिला न विचारता, मी हो म्हणालो.

त्या दिवसांत ती मला रोज विचारायची. मग विचारायची थांबली. तिच्या अंगठ्याला चिकटपट्टी आली.

प्रदर्शनाचा फोटो फिरत फिरत आमच्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या फोनवर पोचला. खाली माझं नाव होतं, त्यावरून चाकू कुठला ते त्याला कळलं. दुसऱ्याच दिवशी घरचं कुठलंही हत्यार आत चालणार नाही असा नियम निघाला. बायकांच्या ट्रेमधून खोकंभर चाकू निघाले. कुणाच्या मुठीला चिंधी, कुणाच्या मुठीला गॅसच्या नळीचा तुकडा. मला ते आधी कधी दिसलेच नव्हते. नियमावर डिझाइन विभागाची सही लागत होती. मी केली. जेवायची सुट्टी होत आली होती, कागद समोर आला, केली.

चाकू परत आणून बाहेर, बसथांब्यावर, तिच्या हातात दिला.

‘आता ह्याचं काय करू? घरात कांदा चिरू?’

मी नियमाबद्दल, प्रक्रियेबद्दल बोलायला लागलो.

‘त्या कागदावर सही तुमचीच हाय न्हवं?’

‘हो.’

‘मग आणि एक करा की. हे चालतंय म्हणून.’

किती साधी मागणी. मला माझ्या अभ्यासाच्या सगळ्या प्रकरणांत सुचली नव्हती. मी अर्ज केला : कामगारांनी बनवलेली हत्यारं तपासून वापरू द्यावीत. व्यवस्थापकानं शेरा मारून परत पाठवला, ‘सर्वांसाठी एकच मूठ सुचवा.’ सर्वांसाठी एकच मूठ! म्हणजे कुणाच्याच हाताची नाही. इतक्या वर्षांच्या वाचनात माझा इतका जळफळाट कधी झाला नव्हता, आणि त्या शेऱ्याखाली मला दिसत होती ती नियमावरची माझीच सही.

अर्ज पुन्हा द्यायचं ठरवलं, प्रत्येकीच्या हाताचं वेगळं माप जोडून. तिला एव्हाना कापायचा वेग मंदावला म्हणून पॅकिंगला टाकलं होतं. तिथे जादा कामाचे पैसे मिळत नाहीत. कागद आणि पेन्सिल घेऊन मी तिच्यापाशी गेलो आणि म्हणालो, ‘अक्का, हात जरा यावर ठेवा.’

तिनं हातमोजा काढला नाही. खोक्याला पट्टी लावत राहिली.

‘आधी मंजूर करून आणा,’ ती म्हणाली, ‘मग हात बघा.’